वजनकाट्याचं हळदकुंकू

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात मोठा मान वजनकाट्याला होता. त्याच्या खालोखाल साहेबांना, आणि उरलासुरला आम्हा माणसांना. काटा काचेच्या पेटीत, दगडी ओट्यावर, एका स्वतंत्र खोलीत बसायचा. त्या खोलीला एसी होता. अमरावतीच्या मे महिन्यात आम्ही ओढण्या ओल्या करून डोक्यावर घ्यायचो आणि काटा तिकडे गारव्यात. जवळ कुणी शिंकलं तरी त्याचे आकडे थरथरायचे. माझ्या सासूबाई सोडल्या तर इतक्या नाजूक प्रकृतीचं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही.

प्रयोगशाळा औषधं तपासायची. दुकानांतून, दवाखान्यांतून उचललेल्या गोळ्या आमच्याकडे यायच्या आणि पाकिटावर जेवढं औषध लिहिलंय तेवढं गोळीत खरंच आहे का, ते आम्ही सांगायचं. मी जंतूंच्या बाजूची. सलाईनमध्ये काही जिवंत वळवळत नाही ना, एवढंच माझं काम. गोळ्यांचं काम एका वलगावच्या मुलीकडे होतं. औषधशास्त्र शिकलेली, चुणचुणीत, बोलायला फटकळ. तिच्या घरी झेंडू आणि भाजीपाला. पहाटे बापाबरोबर फुलं तोडायची आणि मग स्कूटीवरून कामावर यायची. ती कंत्राटी होती. दर वर्षअखेरीला तिचं कंत्राट वरच्या ऑफिसात जायचं आणि तिथला कुणी तरी सही करेपर्यंत हिच्या तोंडचं पाणी पळायचं. एकदा मला म्हणाली, "मले फुलं तोडाचा कंटाळा नाई मॅडम. पन मी एवढी शिकली ते फुलं तोडाले नाई." मला ते फार पटलं होतं.

साहेब अकोल्याचे, जुन्या शहरातले. रोज गाडीने जाऊनयेऊन करायचे. कपाळावर अष्टगंधाचा ठसठशीत टिळा, खिशात चार पेनं, आणि डोक्यात एकच वेड: रिटायर व्हायच्या आत आपली प्रयोगशाळा 'जाळ्यात' गेली पाहिजे.

हे जाळं म्हणजे देशोदेशीच्या औषध तपासणाऱ्या प्रयोगशाळांनी एकत्र येऊन बांधलेला गोतावळा. मोठ्या प्रयोगशाळा लसी तपासतात, आमच्यासारख्या लहान गोळ्या. जाळ्याचं मुख्य ऑफिस परदेशात. ते एकाच घाण्याच्या गोळ्या सगळ्यांकडे पाठवतं आणि विचारतं, सांगा, यात किती औषध आहे? एका परातीतली भाजी गावभर वाटावी आणि प्रत्येक घराला वेगवेगळं विचारावं, बाई गं, मीठ कसं झालंय, तसलाच प्रकार. शेजारणीला विचारायचं नाही. ज्याचं उत्तर बरोबर, त्याच्या जिभेवर पुढे विश्वास.

अमरावती हे क्लासेसचं गाव. जाळ्याचं गोळ्यांचं पाकीट येताच आमच्यातल्या एकाने गंभीरपणे विचारलं, मागच्या वर्षीचा पेपर कुठे मिळेल का? साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जो पळाला तो सरळ चहाच्या टपरीवरच थांबला.

पाकीट आलं ते नेमकं दसऱ्याच्या तोंडावर. खंडेनवमीला साहेब दरवर्षी सगळ्या यंत्रांची पूजा करायचे. वलगावहून टोपलीभर झेंडू यायचा. माझ्या सूक्ष्मदर्शकाला माळ, निर्जंतुक करायच्या भांड्याला माळ, औषध मोजायच्या मोठ्या मशीनला तर नवरदेवासारखी. शेवटी सगळे काट्याच्या खोलीत. साहेब हळदीकुंकवाचं तबक घेऊन काट्यासमोर उभे राहिले आणि जरा घोटाळले. काट्याला लावायचं कुठे? आतल्या ताटलीला लावणं बरं नाही, एवढं शास्त्र त्यांना कळत होतं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"काट्याले दार हाय ना? दाराले लावतेत. घरी उंबरठ्याले नाई का लावत?"

आणि अनामिकेने त्यांनी काचेच्या सरकत्या दाराच्या मुठीवर हळद लावली, तिच्यावर कुंकू टेकवलं. आम्ही हात जोडले, पेढे खाल्ले आणि घरी गेलो.

दसऱ्याची सुट्टी संपली. दुसऱ्या दिवशी वलगावची ती मुलगी आली, हातमोजे घातले, नियमाप्रमाणे काटा आतून कुंचल्याने साफ केला, ताटली पुसली, ओटा पुसला. मुठीवरचं हळदकुंकू तिने पुसलं नाही. कोण पुसेल? पूजेचं पुसायचं नसतं, ते आपोआप जाऊ द्यायचं असतं, हे सांगावं लागत नाही. मग तिने मूठ धरून दार सरकवलं, गोळीची भुकटी मोजली, दार सरकवलं, पुन्हा मोजली.

उत्तर झकास आलं. मशीनच्या कागदावर औषधाची एक मोठी टेकडी उमटते. तिची उंची जेवढी हवी तेवढीच. पण कागदाच्या शेपटाला, जिथे काहीच नको, तिथे तीन बारक्या टेकड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या.

"हे काय हाय?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाई साहेब."

"मंग तसंच लिहून टाक. तीन टेकड्या दिसल्या, कायच्या ते माहीत नाई."

तिने तसंच लिहिलं. दुसरं कुणी असतं तर ते शेपूट कापून टाकलं असतं. मी हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते या खरेपणाचं फळ होतं, आणि खरेपणाची फळं आमच्याकडे बहुधा कडूच निघतात.

काही दिवसांनी जाळ्याच्या ऑफिसातून एका बाईंची मेल आली. अभिनंदन, उत्तर बरोबर. मात्र तुमच्या तीन टेकड्या दुसऱ्या कुणालाच दिसलेल्या नाहीत. तुम्ही तुमच्याकडे शोध घ्या. इतर प्रयोगशाळांना आम्ही उरलेल्या गोळ्या पुन्हा तपासायला सांगितलं आहे, कारण हा धोक्याचा भेसळ-पदार्थ असू शकतो. म्हणजे आमच्या पायी जगाच्या पाठीवर कुठे कुठे शहाणीसुरती माणसं पुन्हा कोट चढवून गोळ्या कुटत बसली होती. मला तर रात्री जेवण गेलं नाही.

आमचा शोध सुरू झाला. मशीन एवढंच सांगत होतं की जे काही आहे ते पिवळ्या रंगाचं आहे. मग काय, पिवळं दिसेल ते गुन्हेगार. नव्या रंगाच्या पिवळ्या भिंतीचा पोपडा काढून तपासला. पिवळी पेन्सिल किसून तपासली. त्या पोरीची पिवळी ओढणी एक दिवस ताब्यात घेतली. झेंडूवर सगळ्यांचा दाट संशय. तिने स्वतः बापाच्या मळ्यातल्या पाकळ्या आणून तपासल्या. झेंडू निर्दोष सुटला, तेव्हा तिने बापाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला म्हणे, "माह्या झेंडूनं काय केलं होतं वो पन?"

शेवटी छडा माझ्यामुळे लागला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. दुपारी डबा खाताना माझ्या पांढऱ्या कोटावर पिठलं सांडलं. डाग बघत बसले आणि डोक्यात उजेड पडला. हळद! स्वयंपाकाची चिमूटभर हळद आणून मशीनला घातली. तीन टेकड्या, त्याच जागी, तशाच खेटून. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्यावर लक्षात आलं की आता प्रश्न उरला तो हळद कुणाची.

वरच्या ऑफिसला उत्तर क्षणात सापडलं. तिथल्या मोठ्या माणसाचा फोन आला: मुलगी जेवून आली असेल, हात नीट धुतला नसेल. एक नाव कळवा. नाव मिळालं की कारवाई झाली, कारवाई झाली की जाळ्यात जाता येईल. तशी ती कंत्राटीच आहे ना?

डबे बंद झाले. महिनाभर आम्ही वऱ्हाडातली माणसं दहीभात खात होतो. सकाळी दारात साहेब सगळ्यांची नखं बघायचे. सगळ्यांचीच पिवळी. वऱ्हाडात बिनपिवळ्या नखाचा माणूस आणायचा कुठून?

ती मात्र रडली नाही, चिडली. सरळ साहेबांच्या खोलीत गेली, मी होतेच तिथे.

"साहेब, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काय असते?"

"काय असते?"

"एकादशी. मले उपास होता. म्या साबुदान्याची उसळ खाल्ली. उपासाले हळद चालते का, सांगा बरं."

साहेब खुर्चीतून उठलेच. "अजी बरोबर! उपासाले हळद नाई!" त्यांच्या लेखी याहून भक्कम पुरावा असूच शकत नव्हता. त्यांनी स्वतः जाळ्याच्या बाईंना इंग्रजीत मेल लिहिली: सदर विश्लेषक त्या दिवशी धार्मिक कारणाने उपाशी होती, आणि उपवासाच्या पदार्थांत हळद निषिद्ध आहे. तिकडून आदबशीर उत्तर आलं: समजलं, आभारी आहोत, कृपया उपवासाचा वस्तुनिष्ठ पुरावा जोडावा.

मी इतकी वर्षं नोकरी केली, पण उपासाचा वस्तुनिष्ठ पुरावा माझ्याकडे कुणी मागितला नव्हता. शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान काढून, एकादशीभोवती गोल करून, शिक्का मारून पाठवलं. सोबत साबुदाण्याच्या उसळीची कृती. शेंगदाण्याच्या कुटावर आमच्यात वाद झाला, तो जाऊ द्या.

पण वरच्या ऑफिसला एकादशी मान्य नव्हती. नाव हवंच. साहेब आज कळवतो, उद्या कळवतो करत राहिले. मी एकदा विचारलं, किती दिवस टाळणार? तर म्हणाले, "नाव द्याचं म्हंजे काय वो मॅडम, बकरा द्याचा. देवाले द्याचा तं निदान आपन त्याले ओवाळतो तरी." वर्ष संपत आलं होतं. तिचं कंत्राट वर जाऊन पडलं होतं आणि यावेळी सही होणार नाही हे ती धरून चालली होती. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. दुपारी ती काट्याच्या खोलीत विनाकारण उभी राहायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

आणि या सगळ्या काळात, देवाशपथ सांगते, ते हळदकुंकू काट्याच्या मुठीवर तिथेच होतं. थोडं फिकट, थोडं विस्कटलेलं, पण होतं. आम्ही सगळ्यांनी रोज पाहिलं. हळद शोधत त्याच खोलीतून शंभरदा गेलो. पण स्वयंपाकाची हळद वेगळी आणि देवाची हळद वेगळी. पिठल्यातली हळद सांडते, डाग पाडते. पूजेची कशी डाग पाडेल? ती तर पवित्र करायला लावलेली असते. आम्ही घाण शोधत होतो, त्यामुळे ती आमच्या यादीत बसलीच नाही.

मग जाळ्याच्या बाईंनी पडद्यावरची बैठक बोलावली. त्या तिकडून, वरचे मोठे गृहस्थ त्यांच्या ऑफिसातून, आम्ही इकडे. लॅपटॉप माझ्या हातात. बाई फार शांत आणि गोड. म्हणाल्या, मला तुमची जागा दाखवता का? मी लॅपटॉप छातीशी धरून फिरू लागले, नव्या सुनेला घर दाखवावं तशी. हे मशीन, हे कपाट, हा काटा.

"थांबा," बाई म्हणाल्या. "त्या दारावर लाल-पिवळं काय आहे?"

साहेबांची छाती फुगली. एवढे दिवस खाली घातलेली मान पहिल्यांदा वर झाली. परदेशी बाईंना आपली रीत समजावून सांगायची संधी! त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. आमच्याकडे शस्त्रं, अवजारं, यंत्रं यांना देव मानतात. वर्षातून एकदा त्यांची पूजा होते. हा काटा आमच्या प्रयोगशाळेचा देव आहे. त्याला आम्ही फुलं वाहतो, आणि दोन पवित्र चूर्णं लावतो. लाल चूर्ण कुंकू. आणि पिवळं चूर्ण म्हणजे…

इथे साहेब थांबले.

त्यांचं तोंड उघडंच राहिलं. पोरीने माझा दंड इतक्या जोरात दाबला की लॅपटॉप हलला आणि पलीकडे बाईंना भूकंप झाल्यासारखं दिसलं असेल. एसीचा आवाज येत होता.

पहिले सावरले ते वरचे गृहस्थ. मराठीत म्हणाले, "एक मिनिट. ही फुलंबिलं ती कंत्राटी मुलगीच आणते ना? मग हळदही तिचीच असणार. झालं तर. तिचं नाव टाका आणि विषय संपवा."

साहेबांना नुसतं 'हो' म्हणायचं होतं. रिटायर व्हायला काही महिने उरले होते आणि जाळं हातातोंडाशी आलेलं होतं. त्यांनी लॅपटॉप माझ्या हातातून घेतला, उजव्या हाताची अनामिका कॅमेऱ्यासमोर धरली. इतकी जवळ, की सगळ्या पडद्यांवर फक्त बोट दिसत असणार.

"फुलं तिनं आनली. हळद म्या लावली. हे पाहा, ह्या बोटानं. नाव लिहाचं असन तं माहं लिहा." आणि मग बाईंसाठी तेच इंग्रजीत: "दिस फिंगर, मॅडम."

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण कॅमेरा चालू होता.

आता वाटलं, संपलं, जाळ्याचं दार बंद. पण त्या लोकांची रीत निराळी. त्यांना बकरा नको होता, त्यांना सुधारणा हवी होती. बाईंनी लिहून पाठवलं: तीन टेकड्या न लपवता कळवल्याबद्दल प्रयोगशाळेचं कौतुक. यंत्रांच्या पूजेची लेखी कार्यपद्धती तयार करावी. आणि जबाबदार व्यक्तीला काटा वापरण्याचं फेरप्रशिक्षण द्यावं. ते काट्यावर काम करणाऱ्या प्रशिक्षित विश्लेषकानेच द्यावं. आणि पुढच्या फेरीत सुधारणा सिद्ध होईपर्यंत त्या प्रशिक्षकाला बदलू नये.

असा विश्लेषक आमच्याकडे एकच होता. वरच्या ऑफिसात काय धांदल उडाली ते मी पाहिलं नाही, पण तिच्या कंत्राटावर त्या वर्षी सगळ्यात आधी सही झाली.

पूजेची कार्यपद्धती तिने लिहिली. यंत्राचा फोटो काढावा, तो लॅमिनेट करावा, बाहेरच्या टेबलावर ठेवून त्याची पूजा करावी. नारळ इमारतीबाहेर. पेढे आधी की हात धुणं आधी, यावर बाईंनी एक शंकाही काढली होती.

मग साहेबांचं प्रशिक्षण. ज्या माणसाने तिला पहिल्या दिवशी काटा दाखवला होता, तो तिच्यासमोर हातमोजे घालून उभा. सगळं बिनचूक केलं त्यांनी. दार सरकवलं, भुकटी मोजली, दार लावलं. आणि संपल्यावर, सवयीने, दोन बोटं काट्याला टेकवून कपाळाला लावली.

"फेल," ती म्हणाली.

"आता काहून?"

"कपाळावर गंध हाय साहेब. बोट कपाळाले लागलं. उद्या तेच बोट काट्याले लागन. तुमी रोज सकाळी असंच करता, म्या पाह्यलं हाय."

मी तिच्याकडे डोळे वटारले. कुणाला नापास करतेस तू, ज्याने तुझी नोकरी वाचवली त्याला? तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. साहेबांनी हातमोजे काढून, नीट घडी करून कचऱ्यात टाकले आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. कपाळ कोरं होतं. इतक्या वर्षांत टिळ्याखाली ऊन कधी लागलेलंच नव्हतं, त्यामुळे भुवयांच्या मध्ये चामडी लहान मुलासारखी गोरी राहिली होती. त्यांनी मोजलं, दार लावलं. हात उठला, अर्ध्यावर थांबला, आणि खाली आला.

"पास," ती म्हणाली. मला मेलीला रडू आलं आणि मी जंतू बघायचे आहेत म्हणून तिथून पळाले.

पुढची फेरी स्वच्छ गेली. शेपटाला एकही टेकडी नाही, आणि प्रयोगशाळा जाळ्यात गेली. त्याच महिन्यात साहेब रिटायर झाले. त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, तेही इमारतीबाहेर.

बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी अकोल्याला त्यांच्याकडे गेलो. मोर्णा नदीचा पूल ओलांडून, बाजारातून, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरावं अशा बोळातून. साहेबांच्या कपाळावर टिळा पुन्हा ठसठशीत. काकूंनी पोहे केले, पिवळेजर्द. निघताना म्हणाल्या, "देवाले नमस्कार करून जा पोरींनो."

देवघरात बालाजी, गजानन, कुलस्वामिनी, आणि त्यांच्या ओळीत, काचेच्या फ्रेममध्ये, साहेबांचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. काटा अत्यंत स्वच्छ हाताने वापरण्यास सदर व्यक्ती पात्र आहे. खाली प्रशिक्षक म्हणून तिची सही. आणि काचेवर, बरोबर त्या सहीच्या जागी, हळदीकुंकवाचं जाडजूड बोट.

"रोज लावतेत," काकू म्हणाल्या. "मी पुसाले गेली तं मलेच रागावते."

ती मग ओढणीने डोळे टिपत साहेबांकडे वळली.

"साहेब, तुमी पुन्हा फेल."

"मंग ट्रेनिंग द्याले लागन ना तुले," साहेब म्हणाले. "येत जाय महिन्याकाठी."